जर्मनीचा कोळसा, तुर्की कामगार आणि आपले खापरखेडा

जर्मनीला माणसे हवी आहेत, ही बातमी आता नागपूर जिल्ह्यातल्या आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलामुलींपर्यंत पोहोचली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. तेव्हापासून वेल्डर, इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर अशा कामांसाठी एजंटांचे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. आपल्या वस्त्यांत पूर्वी सौदी, कुवेत, कतारची चर्चा व्हायची. तिथे आता जर्मनीचे नाव आले आहे.

या चर्चेत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे, की तिथे पगार युरोत आहे, एकदा पोहोचलो की घरच्यांचे भले झाले. दुसरे असे, की युरोप मुसलमानांचा दुश्मन आहे, तिथे जाऊन इज्जत गमवायची कशाला. दोन्ही मतांना थोडाफार आधार आहे. पण त्या देशात साधा कामगार म्हणून गेलेल्या मुसलमानांचे साठ वर्षांत नेमके काय झाले, हे दोन्हींतून कळत नाही. तो इतिहास खापरखेड्यासारख्या गावातल्या तरुणांनी तर आवर्जून वाचायला हवा. कारण त्याची सुरुवात झाली ती कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत, म्हणजे आपल्या ओळखीच्या जगात.

देश केवढा, गरज कसली

जर्मनीचे क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडे जास्त, लोकसंख्या मात्र आपल्या राज्याहून बरीच कमी, साधारण 8 कोटी 30 लाखांच्या वर. तरीही अमेरिका आणि चीननंतरची तिसरी मोठी अर्थव्यवस्था म्हणून अलीकडच्या वर्षांत तिचे नाव घेतले जाते. यंत्रे, मोटारी आणि रसायने हा तिचा कणा. मोठ्या कंपन्यांची नावे आपल्याला माहीत असतात, पण त्या अर्थव्यवस्थेचा मोठा भार लहान शहरांतल्या मध्यम आकाराच्या, बहुतेकदा कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यांवर आहे. एखादा पंप, एखादा व्हॉल्व्ह, एखादे कटिंग मशीन पिढ्यानपिढ्या बनवायचे आणि जगभर विकायचे, ही त्यांची पद्धत.

तिथला कारागीर घडतो तो दुहेरी प्रशिक्षणातून. मुलगा किंवा मुलगी आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम शिकते, काही दिवस व्यवसाय शाळेत जाते. साधारण तीन-साडेतीन वर्षे हे चालते आणि त्या काळात कंपनी दरमहा भत्ता देते. असे सुमारे सव्वातीनशे मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत. बेकरीवाला, गवंडी, नर्स, मेकॅनिक, सगळ्यांना या शिक्षणाची सनद मिळते आणि समाजात तिला मान असतो.

आता मात्र हा देश म्हातारा होत चालला आहे. तिथले सरासरी वय पंचेचाळीसच्या आसपास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होत आहे आणि तिची जागा घ्यायला मुले कमी आहेत. 2022 मध्ये रशियाचा स्वस्त गॅस बंद झाला, ऊर्जा महागली, आणि 2023 व 2024 अशी सलग दोन वर्षे अर्थव्यवस्था आक्रसली. तरीही रुग्णालयांना नर्स आणि कारखान्यांना फिटर मिळत नाहीत, हे चित्र कायम राहिले. आपल्या मुलांना बोलावण्यात त्यांचा कोणताही उपकार नाही. त्यांना गरज आहे, आणि गरज असलेल्या माणसाशी बरोबरीने बोलता येते.

1961 चे पाहुणे

अशीच गरज त्यांना एकदा पूर्वीही पडली होती. युद्धात उद्ध्वस्त झालेला पश्चिम जर्मनी 1950 च्या दशकात वेगाने उभा राहिला आणि कामगार कमी पडू लागले. मग इटली, स्पेन, ग्रीस या देशांशी करार झाले. 30 ऑक्टोबर 1961 रोजी तुर्कस्तानशी करार झाला. तुर्कस्तानातल्या झोंगुल्दाक या कोळसा पट्ट्यातले खाणकामगार जर्मनीच्या रूर खोऱ्यात उतरले. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात त्यांची कसून शारीरिक तपासणी होई. ज्याचे शरीर धडधाकट, तोच गाडीत बसे.

या लोकांना जर्मन भाषेत नाव मिळाले ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार. पाहुणा येतो आणि जातो, हाच त्यामागचा हिशेब. म्हणून त्यांना भाषा शिकवायची गरज सरकारला वाटली नाही. कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत अनेकांनी राहायचे, पाळीत काम करायचे, पैसे घरी पाठवायचे. खुद्द कामगारांचीही समजूत तीच होती. दोन-चार वर्षे कमवू, गावी घर बांधू, परत जाऊ. आपल्याकडे आखाती देशांत गेलेल्यांच्या कितीतरी घरांत हेच वाक्य वीस-वीस वर्षे बोलले गेले आहे.

1964 मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून अर्मांदो रोद्रिगेश द सा या पोर्तुगीज सुताराचे कोलोन स्टेशनवर बँड वाजवून स्वागत झाले आणि त्याला मोपेड भेट मिळाली. तो फोटो जर्मनीतल्या शाळकरी पुस्तकांपर्यंत पोहोचला. पुढची हकीकत फार कमी लोकांना माहीत असते. तो आजारी पडून मायदेशी परतला आणि साठवलेले पैसे उपचारांवर संपवून 1979 मध्ये वारला. जर्मनीतल्या विम्यातून आपल्याला आजारपणाचा भत्ता मिळू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. ज्याला आपला हक्क माहीत नाही, त्याच्यापुरता तो हक्क नसल्यासारखाच असतो.

नोव्हेंबर 1973 मध्ये तेलसंकट आले आणि जर्मनीने ही भरती थांबवली. आता एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे ओळखून अनेक तुर्की कामगारांनी बायका-मुलांना तिकडेच बोलावून घेतले. दार बंद केल्यामुळेच पाहुणे कायमचे राहिले. आज जर्मनीत तुर्की वंशाचे जवळपास तीस लाख लोक आहेत आणि एकूण मुसलमान सुमारे 55 लाख.

एकाच महिन्यातले दोन संप

ऑगस्ट 1973 मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेले सुमारे तीनशे तुर्की कामगार उशिरा परतले म्हणून त्यांना काढून टाकले होते. कामगारांची मागणी होती की त्यांना परत घ्या, असेंब्ली लाइनचा वेग कमी करा, सगळ्यांना तासाला एक मार्क वाढवून द्या. संघटनेने साथ दिली नाही, बहुतेक जर्मन सहकारी बाजूला राहिले, वर्तमानपत्रांनी ‘तुर्कांचा संप’ म्हणून ओरड केली. आठवड्याभरात पोलिसी बळाने संप मोडला.

त्याच महिन्यात तिथून फार दूर नसलेल्या नॉइस शहरात पीअरबुर्ग या मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दुसरा संप झाला. तिथे बहुसंख्य कामगार परदेशी स्त्रिया होत्या, तुर्की, ग्रीक, स्पॅनिश, युगोस्लाव. ‘हलके काम’ असे नाव देऊन त्यांना सगळ्यांत खालच्या वेतनगटात ठेवले होते. पोलिसांनी तिथेही लाठ्या चालवल्या. पण काही दिवसांत कारखान्यातले जर्मन कुशल कामगार त्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहिले. व्यवस्थापनाला तो खालचा वेतनगट रद्द करावा लागला.

दोन्हीकडे मागणी न्याय्य होती आणि हिंमतही सारखीच होती. फरक पडला तो शेजारच्या यंत्रावरचा माणूस सोबत आला की नाही यामुळे. अन्यायाविरुद्ध एकट्या बिरादरीने आवाज उठवला तर त्याला ‘त्यांचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारता येते. तोच प्रश्न सगळ्या कामगारांचा झाला की तसे करता येत नाही. भारतातल्या मुसलमान तरुणांना यात आपली ओळखीची गोष्ट दिसेल.

मत आधी कारखान्यात, मग देशात

जर्मनीत 1951 पासून कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला देण्याचा कायदा आहे. बहुतेक मोठ्या आस्थापनांत निवडून आलेली कामगार परिषद असते. 1972 च्या कायद्याने तुर्की कामगारांनाही या परिषदेवर निवडून येण्याचा हक्क दिला. खाणीत आणि कारखान्यात जर्मन सहकारी त्यांना मते देऊ लागले. देशाच्या निवडणुकीत मात्र त्यांना मत नव्हते. नागरिकत्वाचा कायदा 1913 चा होता आणि तो रक्ताच्या नात्यावर उभा होता. जर्मनीत जन्मलेला, जर्मन शाळेत शिकलेला मुलगाही परदेशीच राही. तो कायदा बदलायला 2000 साल उजाडले. 2024 मध्ये आणखी सुधारणा होऊन पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते.

या काळात द्वेषानेही बळी घेतले. 1993 मध्ये झोलिंगेन शहरात एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवले गेले, पाच मुली आणि स्त्रिया मेल्या. 2000 ते 2006 दरम्यान एका नवनाझी टोळीने नऊ स्थलांतरितांचे खून केले. 2011 मध्ये टोळी उघडकीस येईपर्यंत पोलीस बळींच्याच नातेवाइकांवर संशय घेत होते. फेब्रुवारी 2020 मध्ये हानाउ शहरात नऊ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा एएफडी पक्ष सुमारे 21 टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. जर्मनीला जाणाऱ्याने हे सगळे माहीत असून जावे.

शाळेचाही एक धडा आहे. चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, बहुतेक राज्यांत मुलांची वाटणी होते. कोण विद्यापीठाच्या वाटेने जाणार आणि कोण खालच्या शाळेत, हे तिथेच ठरते. कामगारांची मुले मोठ्या संख्येने खालच्या शाळेत गेली. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात काम करणाऱ्या एका तुर्की कामगाराच्या मुलालाही खालच्याच शाळेची शिफारस झाली होती. एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून तो निर्णय बदलायला लावला. तो मुलगा उगूर शाहीन. पत्नी ओझलेम त्युरेजी यांच्यासह त्यांनी बायोएनटेक कंपनी उभी केली आणि कोरोनाच्या पहिल्या लसींपैकी एक जगाला दिली. शाहीन यांच्या यशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्यांना असा शेजारी मिळाला नाही, त्या हजारो मुलांचाही विचार करावा. चांगल्या शाळेसाठी नशिबाने शेजारी लाभावा लागत असेल, तर दोष व्यवस्थेचा आहे.

खाणी बंद झाल्या तेव्हा

आता खापरखेड्याशी थेट संबंध असलेला भाग. 1957 च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांच्या आसपास माणसे होती. पुढच्याच वर्षी स्वस्त तेल आणि आयात कोळशामुळे संकट सुरू झाले. शेवटची खाण बॉट्रोप गावची प्रॉस्पर-हानिएल. ती 21 डिसेंबर 2018 रोजी बंद झाली. मध्ये साठ वर्षे गेली. कामगार संघटना, कंपन्या आणि सरकार यांनी या काळात एक तत्त्व धरून ठेवले, की खाण बंद झाली म्हणून कुणी रस्त्यावर येणार नाही. कुणाला लवकर निवृत्तिवेतन, कुणाला दुसऱ्या खाणीत जागा, कुणाला नवे प्रशिक्षण मिळाले. ज्या रूर खोऱ्यात 1960 पर्यंत एकही विद्यापीठ नव्हते, तिथे बोखुम, डॉर्टमुंड आणि इतर शहरांत विद्यापीठे निघाली. खाणीतले पाणी यापुढे कायम उपसत राहावे लागणार आहे. त्या खर्चासाठी वेगळे प्रतिष्ठान उभारले. सगळे सुरळीत झाले असे नाही. गेल्झनकिर्शेनसारख्या जुन्या खाणशहरात आजही बेरोजगारी देशात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांइतकी आहे. तरी माणसांना वेळ मिळाला.

त्याच देशाच्या पूर्वेकडे उलट घडले. 1989 मध्ये पूर्व जर्मनीच्या लिग्नाइट उद्योगात लाखाहून अधिक लोक होते. एकीकरणानंतर काही वर्षांतच बहुतेकांचे काम गेले. तिथे वाटाघाटींना वेळच नव्हता. तरुण पश्चिमेकडे निघून गेले, गावे ओस पडली. आज एएफडीला सर्वाधिक मते याच पूर्वेकडच्या राज्यांत मिळतात. रोजगार अचानक गेला की त्या जागी राग येतो, आणि तो राग बहुधा सगळ्यांत दुबळ्या शेजाऱ्यावर निघतो. अल्पसंख्याकांनी हे नीट लक्षात ठेवावे. आपल्या गावातल्या सगळ्यांच्या रोजगाराचे रक्षण करणे, हा आपल्या सुरक्षिततेचाही भाग आहे.

पूर्वेचा अनुभव पाहून जर्मनीने पुढचा निर्णय वेगळ्या रीतीने घेतला. कंपन्या, संघटना, पर्यावरणवाले आणि प्रदेशाचे प्रतिनिधी यांचा आयोग बसला. 2020 च्या कायद्याने कोळशावरची वीज उशिरात उशिरा 2038 पर्यंत बंद करायचे ठरले आणि कोळसा प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद झाली.

आपल्याकडे हा आयोग कुठे आहे?

खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रात महानिर्मितीचे 210 मेगावॉटचे चार आणि 500 मेगावॉटचा एक असे पाच संच आहेत. एकूण क्षमता 1340 मेगावॉट. पहिले दोन संच 1989-90 च्या सुमाराचे, म्हणजे त्यांनी पस्तिशी ओलांडली आहे. शेजारच्या कोराडीचे बहुतेक जुने संच आधीच इतिहासजमा झाले. सिल्लेवाडा, वलनी, चनकापूर या गावांचे पोट कोळशावर आहे आणि वारेगाव, नांदगावने राख सोसली आहे. भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन 2021 मध्ये ग्लासगोला दिले. उद्या लगेच केंद्र बंद होणार नाही. पण आज जो मुलगा दहावीत आहे, त्याच्या नोकरीच्या काळात इथले चित्र बदललेले असेल.

त्या बदलाची चर्चा कोण करत आहे? कायम कामगाराला निदान पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि बदलीची आशा आहे. ठेकेदाराकडे गेटपासवर जाणाऱ्याला, कोळशाच्या ट्रकवर, राखेच्या वाहतुकीवर, गेटबाहेरच्या टपरीवर आणि गॅरेजात काम करणाऱ्याला काय आहे? आपली मुले मुख्यतः या दुसऱ्या रांगेत आहेत. त्याच रांगेत दलित, आदिवासी, ओबीसी आणि छत्तीसगड-बिहारहून आलेले मजूरही आहेत. रूरमधल्या कामगाराला साठ वर्षे मिळाली, कारण मंडळात त्याची खुर्ची होती. आपल्याकडच्या ठेका मजुराचे नाव अनेकदा हजेरीपटावरही धड नसते.

म्हणून मागण्या साध्या आणि हातात घेता येतील अशा असाव्यात. ठेका मजुराने आपला पीएफचा क्रमांक माहीत करून घ्यावा आणि जमा रक्कम मोबाइलवर तपासावी. आपला प्रशिक्षणार्थी कायदाही 1961 चाच, म्हणजे तुर्की कराराच्याच वर्षाचा. त्याखाली किती जागा निघतात, किती भरतात, त्यात आपल्या गावांतली मुले-मुली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. 2015 पासून खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे. पाणी, आरोग्य, शिक्षण आणि कौशल्य यांसाठी तो वापरायचा असतो. सौर पॅनेल, बॅटरी, इलेक्ट्रिक गाडी दुरुस्तीचे चांगले प्रशिक्षण इथेच सुरू करा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. आणि तो ‘मुसलमानांसाठी’ म्हणून मांडू नये, गावासाठी म्हणून मांडावा. पीअरबुर्गच्या स्त्रिया तशाच जिंकल्या.

ज्यांना जर्मनीला जायचे आहे त्यांनी जरूर जावे. मुलींनीही जावे, त्यांना अडवणाऱ्यांनी आपल्या शंका आधी तपासून पाहाव्यात. पण भाषेला सगळ्यांत वरचे स्थान द्या. प्रशिक्षणासाठी बहुधा बी-1 आणि नर्सिंगसाठी बी-2 पातळी लागते, आणि ती काही आठवड्यांत येत नाही. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा. करार भाषांतर करून वाचून घ्या. तिथे पोहोचल्यावर कामगार संघटनेचे सदस्य व्हा आणि कामगार परिषदेच्या निवडणुकीत मत द्या. साठ वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांना जे कुणी सांगितले नाही, ते तुम्हाला विमानात बसण्याआधी माहीत असायला हवे.

आपल्या संस्था, जमाती आणि मोहल्ला कमिट्यांनी या कामात पडावे. निकाह आणि इज्तेमाच्या व्यवस्थेला जेवढी माणसे धावतात, त्यातली चार जरी पीएफ, प्रशिक्षण आणि ग्रामसभेच्या कामाला लागली तरी पुष्कळ होईल. जाणारा मुलगा तिथे हक्क मागायला शिकेल की नाही, हे तो इथे काय शिकून जातो यावरच ठरणार आहे. आणि जाणारे थोडेच असतील. बाकीच्यांना याच गावात राहायचे आहे, त्यामुळे शेवटचा संच थंड होण्याच्या कितीतरी आधी आपल्याला त्या टेबलाशी बसायला जागा मिळवावी लागेल.